पाईपची एकच बाजू जाड येत असेल, तर डायच्या बोल्टांना हात सर्वांत शेवटी लावा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात एचडीपीई पाईपच्या लाईनवर काम करताना एक दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की आता त्याच्या खुणा लांबूनच ओळखू येतात. पाईपचा बाह्यव्यास अचूक असतो, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पण कापलेल्या तोंडाकडे पाहिले की भिंत एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला पातळ दिसते. दुरुस्त करावे, दोन आठवडे लाईन सुरळीत चालावी आणि पुन्हा तेच, असे ज्यांच्याकडे होत असेल त्यांच्यासाठी हे टिपण आहे. उदाहरणे एचडीपीईची असली, तरी मधे पिन आणि बाहेर बुश असलेल्या कोणत्याही पाईप डायला, म्हणजे वितळलेल्या मालाला नळीचा आकार देणाऱ्या साच्याला, यातील बहुतेक गोष्टी लागू होतात. पीव्हीसीसाठी काही वेगळी काळजी घ्यावी लागते, ती त्या त्या ठिकाणी सांगितली आहे.

लक्षणे

पहिले आणि मुख्य लक्षण म्हणजे जाडीतील फरक पाईपच्या परिघावर ठरावीक जागी राहतो. म्हणजे जाड बाजू यंत्राच्या पंख्याकडे असेल, तर तासाभरानंतर कापलेल्या तुकड्यातही ती पंख्याकडेच असते.

दुसरे लक्षण डायच्या तोंडाशी दिसते. जाड बाजूने माल अधिक वेगाने बाहेर पडत असल्यामुळे, हॉल-ऑफ (पाईप पट्ट्यांनी पुढे ओढणारे यंत्र) जोडण्यापूर्वी मोकळी निघणारी गरम नळी पातळ बाजूकडे वळते. गंमत अशी की तोच पाईप थंड झाल्यावर उलट दिशेला वाकतो, कारण जाड बाजू उशिरा थंड होते, अधिक आकसते आणि वळणाच्या आतल्या अंगाला जाते. या दोन विरुद्ध खुणांमुळे अनेक ऑपरेटरांचा गोंधळ उडतो आणि बोल्ट चुकीच्या दिशेने फिरवला जातो.

तिसरे लक्षण वजनकाट्यावर दिसते. पातळ बाजू किमान जाडीच्या खाली जाऊ नये म्हणून हॉल-ऑफचा वेग कमी केला जातो आणि मग प्रत्येक पाईपचे वजन वाढते.

पुढील दोन प्रकार मात्र या दोषात मोडत नाहीत. संपूर्ण परिघ लांबीच्या दिशेने कधी जाड तर कधी पातळ येत असेल, तर डायला दोष देऊ नका. दोन पातळ जागांमधील अंतर मोजा. ते हॉल-ऑफच्या पट्ट्याच्या एका फेऱ्याइतके असेल, तर पट्टा झिजला आहे किंवा घसरतो आहे. अंतर अनियमित असेल, तर हॉपरच्या (दाणा ओतण्याच्या नरसाळ्याच्या) तोंडाशी प्लास्टिकचा दाणा अडकत असण्याची शक्यता मोठी आहे. जाड बाजू पाईपभोवती हळूहळू फिरत जात असेल, तर बहुधा हॉल-ऑफचे पट्टे एका रेषेत नाहीत आणि पाईप पुढे सरकताना पीळ खातो आहे.

आधी नीट मोजा

हे काम फुकट आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच होत नाही. चालू लाईनवर, पाईप व्हॅक्यूम टँकमधून (गरम नळी थंड करून आकारात आणणाऱ्या टाकीतून) बाहेर पडताच, त्याच्या वरच्या बाजूला मार्करने रेघ ओढा. मग तुकडा कापून त्या रेघेपासून घड्याळाच्या दिशेने आठ समान अंतरांवर जाडी मोजा आणि आठही आकडे लिहून ठेवा. व्हर्नियरचे सपाट जबडे पाईपच्या आतल्या गोलाईवर नीट टेकत नाहीत आणि जाडी खरीपेक्षा जास्त दाखवतात, म्हणून एका टोकाला गोळी असलेला मायक्रोमीटर वापरावा. रेघ न ओढता घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण पातळ जागा डायच्या कोणत्या बाजूला आहे हे त्यातून कळत नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते पैशांतच सांगतो. समजा, ७५ मिमी बाह्यव्यासाचा पाईप आहे आणि त्याची किमान जाडी ४.५ मिमी हवी आहे. पाण्याच्या एचडीपीई पाईपसाठी आपल्याकडे आयएस ४९८४ हे मानक आहे आणि किमान जाडी ही सरासरीत नव्हे, तर परिघाच्या प्रत्येक बिंदूवर मिळावी लागते. जाडी ४.५ ते ४.७ मिमीच्या दरम्यान राखली, तर मीटरला सुमारे ९७० ग्रॅम माल लागतो. तीच ४.५ ते ५.३ मिमी येत असेल, तर सरासरी ४.९ होते आणि मीटरला जवळपास ६० ग्रॅम दाणा जादा जातो. हजार मीटरमागे हा साठ किलोंचा फुकट माल झाला आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.

दुसरी चाचणी लाईन सुरू करतानाच करता येते. हॉल-ऑफ जोडण्यापूर्वी डायच्या तोंडाशी निघालेल्या गरम नळीचा वीतभर तुकडा कापून बादलीतील पाण्यात टाका आणि मोजा. हातमोजे जाड हवेत आणि डायच्या समोर उभे न राहता बाजूने कापायला हवे. आकडे पाईपच्या जाडीशी जुळणार नाहीत, कारण नळी फुगलेली असते. आपल्याला फक्त आठ बिंदूंमधील फरक पाहायचा आहे. तुकड्यात फरक नसेल आणि तयार पाईपमध्ये असेल, तर दोष डायच्या पुढे आहे. तुकड्यातच फरक असेल, तर तो डायमध्ये किंवा डायच्या उष्णतेत आहे. या एका तुकड्याने निम्मा शोध संपतो.

कूलर कुठे तोंड करून आहे?

हसू येईल, पण माझ्या नोंदवहीत उन्हाळ्यातील या दोषाचे सर्वाधिक वेळा सापडलेले कारण हेच आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, शेडचे पत्रे भाजत असतात आणि ऑपरेटरने मोठा डेझर्ट कूलर आपल्या अंगावर वारा येईल असा लावलेला असतो. तो उभा राहतो डायजवळ, म्हणजे वारा डायच्या एका कुशीवरही जातो. त्या बाजूचे पोलाद थंड होते, तेथील वितळलेला माल घट्ट होतो, त्याचा प्रवाह मंदावतो आणि पाईपची तीच बाजू पातळ येते. पॅनेलवर तापमान मात्र बरोबर दिसते, कारण थर्मोकपल, म्हणजे डायच्या भोकात बसवलेला तापमापक, एकाच बिंदूचे तापमान सांगतो.

एकदा एका कारखान्यात दिवसपाळी डावीकडचा बोल्ट आवळत होती आणि रात्रपाळी तो सैल करत होती. आठवडाभर हे चालले आणि दोन्ही पाळ्यांनी एकमेकांना नावे ठेवली. प्रत्यक्षात कूलर सकाळी अकराला सुरू होई आणि रात्री बंद होई, एवढाच त्या भांडणाचा उगम होता.

म्हणून कूलर आणि पंखे अर्धा-पाऊण तास दुसरीकडे वळवा आणि आठ बिंदू पुन्हा मोजा. फरक कमी झाला, तर डायभोवती पत्र्याचा आडोसा करा, पण हीटरच्या वायरी आणि जोड झाकले जाणार नाहीत असे पाहा. माणसाला वारा लागतोच. तो काढून घेणे हा उपाय नव्हे, त्याची दिशा बदलावी. हिवाळ्यात हीच करामत उघड्या राहिलेल्या शटरमधून येणारा वारा करतो.

टँक सरळ आहे का?

डायचे केंद्र, कॅलिब्रेटरचे (टँकच्या तोंडाशी पाईपचा बाह्यव्यास ठरवणाऱ्या नळीचे) केंद्र आणि हॉल-ऑफचे केंद्र एका रेषेत हवे. टँक जरा बाजूला किंवा खाली असेल, तर गरम नळी आत शिरताना एका अंगाने जास्त ताणली जाते आणि ती बाजू पातळ होते. लाईन बंद असताना डायच्या पिनच्या केंद्रापासून हॉल-ऑफपर्यंत दोरी ताणून बांधावी आणि कॅलिब्रेटरच्या तोंडाशी चारही बाजूंचे अंतर मोजावे. दोरीचा खर्च दहा रुपये असेल. व्यास बदलताना टँक मागे-पुढे सरकवला जातो आणि त्यानंतर उंचीचे जॅक कोणी तपासत नाही, म्हणून दोष साईज बदलल्याच्या दिवशीच सुरू झाला असेल, तर शोध येथूनच सुरू करावा.

टँकमधील फवारेही पाहून घ्या. आपल्याकडे बोअरच्या पाण्यातील क्षारांनी एका रांगेतील नोझल बुजतात आणि पाईप वाकू लागतो. यात जाडी सगळीकडे सारखीच असते, केवळ थंड होणे असमान असते. मापे न घेता नुसत्या वाकण्यावरून डायला हात लावणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

हीटर आणि थर्मोकपल

डायवरचे बँड हीटर अनेकदा दोन अर्ध्या भागांचे असतात आणि ही रचनाच या दोषाचे घर आहे. एक अर्धा भाग जळाला, तरी दुसरा चालू राहतो. थर्मोकपल चालू भागाच्या बाजूला असेल, तर पॅनेल २०० अंश दाखवत राहतो आणि समोरची बाजू त्याहून बरीच थंड राहते. थर्मोकपल जळालेल्या भागाच्या बाजूला असेल, तर कंट्रोलर उष्णता मागतच राहतो आणि चांगली बाजू अतोनात तापते. दोन्ही प्रकारांत थंड बाजू पातळ आणि गरम बाजू जाड येते, आणि दोन्हींमध्ये बोल्ट फिरवून वरवर दुरुस्ती करता येते. नवा हीटर बसला, की तीच दुरुस्ती उलटते.

तपासणी सोपी आहे. हीटर चालू असताना क्लॅम्प मीटरने प्रत्येक अर्ध्या भागाच्या वायरीतील करंट वेगळा मोजावा. २३० व्होल्टवरील १००० वॉटच्या हीटरला सुमारे ४.३ अँपिअर करंट हवा. शून्य आला, तर हीटर जळाला आहे किंवा वायर तुटली आहे. कमी आला, तर व्होल्टेज तपासावे. मीटर बाहेरून, इन्सुलेशन असलेल्या वायरीवर लावावे. जोड उघडणे, टर्मिनलला हात लावणे, हीटर बदलणे ही कामे विद्युत परवाना असलेल्या माणसाने पुरवठा बंद करून आणि त्यावर कुलूप लावूनच करावीत. फिटर हुशार असला, तरी याला अपवाद नाही.

हीटर डायला चिकटून बसला आहे का, तेही पाहावे. त्याच्या खाली गळलेल्या मालाचा जळका थर असेल, तर उष्णता पोलादात जात नाही आणि हीटरही लवकर मरतो. थर्मोकपल भोकाच्या तळाशी टेकला पाहिजे. अर्धवट बाहेर आलेला थर्मोकपल हवेचे तापमान मोजत असतो. बदललेला थर्मोकपल जुन्याच जातीचा आहे का, ही खात्रीही करून घ्यावी, कारण ‘जे’ जातीच्या कंट्रोलरला ‘के’ जातीचा थर्मोकपल लावला, तर आकडा दिसतो, पण चुकीचा असतो.

वीज जाऊन आल्यानंतरचे तास विशेष फसवे असतात. पॅनेलवर आकडा आला म्हणजे डाय गाभ्यापर्यंत तापला असे नाही. लहान डायच्या पिनला स्वतःचा हीटर नसतो. तिला उष्णता मिळते ती स्पायडरच्या (पिनला मध्यभागी धरणाऱ्या आधाराच्या) पायांमधून आणि भोवतीच्या मालातून, त्यामुळे ती सर्वांत शेवटी तापते. घाईने माल ढकलणारा स्क्रू सुरू केला, तर जाडी तर बिघडतेच, शिवाय घट्ट मालामुळे दाब धोकादायक वाढतो. अशा पहिल्या तासातील मापांवरून कोणताही निर्णय घेऊ नये.

जाळी आणि दाणा यांबद्दल थोडक्यात. ब्रेकर प्लेटवरची (डायच्या आधीच्या छिद्रांच्या चकतीवरची) माल गाळणारी जाळी एका बाजूने चोंदली, तर डायमध्ये माल असमान तापमानाने येऊ शकतो. दाबाचा काटा रोजच्यापेक्षा वर असेल, तर जाळी बदलावी. पावसाळ्यात काळ्या मास्टरबॅचमधील (रंगाच्या दाण्यातील) काजळी ओलावा धरते आणि पाईपच्या आत खड्डे व बुडबुडे दिसतात. तो दोष वेगळा आहे, त्याला कोरडा माल हाच उपाय आहे.

आता बोल्ट

वरील सर्व तपासून झाले, गरम तुकड्यातही फरक कायम आहे आणि तो ठरावीक जागी आहे, एवढे पक्के झाल्यावरच सेंटरिंग बोल्टांकडे, म्हणजे बुशला बाहेरून ढकलून मध्यावर आणणाऱ्या बोल्टांकडे, वळावे.

या बोल्टांची भीती का बाळगावी, ते समजून घ्या. पिन आणि बुश यांच्यामधील फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ५ मिमीच्या फटीत बुश फक्त पाव मिलिमीटर सरकला, तर एका बाजूची फट ५.२५ आणि दुसरीची ४.७५ होते. फटींमधील फरक साडेदहा टक्क्यांचा दिसतो, पण त्यांचा घन घेतला, की प्रवाहातील फरक ३५ टक्के निघतो. वितळलेले प्लास्टिक जितके वेगाने ढकलावे तितके प्रवाही होत असल्यामुळे तो प्रत्यक्षात आणखी वाढू शकतो. हा हिशेब तोंडाजवळच्या समांतर भागापुरता आहे आणि आधीच्या निमुळत्या भागात प्रवाह काहीसा सावरला जातो, पण दिशा समजण्यास तो पुरेसा आहे. आता बोल्टाकडे पाहा. एम-१६ बोल्टाच्या आट्यांमधील अंतर २ मिमी असते, म्हणजे पाव फेऱ्यात बुश अर्धा मिलिमीटर सरकतो. ऑपरेटर ज्याला ‘थोडासा टच’ म्हणतात, तो बहुधा पाव फेराच असतो.

स्क्रूचा वेग कमी करा, म्हणजे दाब उतरेल. डायच्या तोंडासमोर कोणीही उभे राहू नये. बुश धरणाऱ्या पुढच्या रिंगचे बोल्ट किती सैल करायचे, हे डायनुसार बदलते. ते पूर्ण सैल कधीही करू नयेत. पातळ बाजूचा सेंटरिंग बोल्ट आधी किंचित सैल करा आणि मगच जाड बाजूचा आवळा, म्हणजे बुश पातळ बाजूकडे सरकेल आणि जाड बाजूची फट कमी होईल. समोरचा सैल न करता आवळत राहिलात, तर बुश जागचा हलत नाही, बोल्ट मात्र वाकतो. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. बोल्टाच्या डोक्यावर आणि डायवर खडूची खूण करा, म्हणजे मूळ जागी परतता येईल.

मग थांबा. डायपासून कटरपर्यंत २० मीटर अंतर असेल आणि लाईन मिनिटाला एक मीटर चालत असेल, तर बदललेला पाईप हातात यायला वीस मिनिटे लागतात. त्याआधीच दुसरा बदल करणारा माणूस जुन्या पाईपचे माप घेऊन नवा दोष निर्माण करत असतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत अशा रीतीने एक अख्खी रात्र भंगारात घातली आहे.

फार जाड भिंतीच्या पाईपमध्ये खालची बाजू नेहमीच जाड येत असेल, तर गरम माल स्वतःच्या वजनाने खाली ओघळत असतो. तेथे मालाचे तापमान काही अंशांनी कमी करून पाहावे आणि मालाची ग्रेड त्या जाडीसाठी योग्य आहे का, हे पुरवठादाराला विचारावे.

डाय उघडणे

बोल्ट योग्य दिशेने फिरवूनही आठ बिंदूंपैकी एखादाच बिंदू हट्टाने पातळ राहत असेल, तर त्या रेषेत आत जळका माल चिकटला आहे किंवा समांतर भागावर ओरखडा आहे. त्याच जागी पाईपवर लांब रेघही दिसत असेल, तर शंका जवळजवळ पक्की होते. स्पायडरच्या पायांमुळे उमटणाऱ्या रेषा पायांच्या संख्येइतक्या आणि समान अंतरावर असतात. त्या वेगळ्या ओळखाव्यात.

दाब पूर्ण शून्य झाल्याची खात्री करून, हीटरचा पुरवठा तोडून, पण डाय गरम असतानाच तो उघडावा लागतो, कारण थंड झाल्यावर माल सुटत नाही. या कामाला दोन अनुभवी माणसे आणि चेन पुली ब्लॉक हवा. आत फक्त पितळी किंवा तांब्याची पट्टी वापरावी. पोलादी खरवडणीचा एक ओरखडा पुढची अनेक वर्षे प्रत्येक पाईपवर उमटत राहतो. उघड्या गॅसच्या ज्योतीने माल जाळून काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने पिन वाकते आणि पृष्ठभागाचे पॉलिश जाते, म्हणून ती टाळावी. पीव्हीसीच्या डायला तर ज्योत कधीच दाखवू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो. पीव्हीसीचा माल गरम डायमध्ये थांबवून ठेवणेही तितकेच वाईट आहे. नाकाला झोंबणारा वास आला, तर माणसे बाहेर काढून शेड मोकळी करावी. जोडताना बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि डाय तापल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

येथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्क्रूचा वेग तोच असताना दाब सतत वाढत असेल, तर लाईन ताबडतोब बंद करावी. डाय आणि अ‍ॅडाप्टरच्या (डायला यंत्राशी जोडणाऱ्या भागाच्या) जोडातून माल गळत असेल, तर चालू दाबात बोल्ट आवळण्याचा मोह टाळावा. तापमान मर्यादेपलीकडे जाऊनही हीटर बंद होत नसेल, तर मुख्य स्विच पाडून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. सेंटरिंग बोल्ट जाम झाला असेल, तर पान्याला पाईपचा दांडा जोडून जोर लावू नये, कारण तुटलेला बोल्ट काढण्याचा खर्च टूलरूमच्या साध्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त येतो. बोल्टाची सगळी चाल संपली तरी जाडी जुळत नसेल, तर पिन वाकली आहे किंवा बुश झिजला आहे आणि ते काम डाय बनवणाऱ्याचे आहे. घरच्या लेथवर घासून ते होत नाही.

डाय टूलरूमला पाठवताना पिन आणि बुश नेहमी एकत्र पाठवावेत, दोघांवर मूळ बसणीची खूण करावी आणि तोंडाच्या कडा कापडात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवाव्यात. बुटीबोरीहून टेम्पोत आलेला एक डाय कडेला टवका उडालेल्या अवस्थेत मी उतरवून घेतला आहे. सोबत शेवटच्या तीन दिवसांची आठ बिंदूंची मापे, त्या वेळची तापमाने, दाब आणि स्क्रूचा वेग एका कागदावर लिहून द्यावा. कागद नसेल, तर टूलरूमवाला पहिला प्रश्न हाच विचारील, की जाड बाजू कोणत्या बोल्टाकडे होती.